आर्डिथच्या गाडीचा जॅक

रविवार, ६ एप्रिल २०१४

ही वही शेरिलने, म्हणजे माझ्या मुलीने, ॲरिझोनाहून पाठवली. सोबत चिठ्ठी: "बाबा, शेडमधल्या एकेका वस्तूसमोर लिहा, ठेवायची, द्यायची की टाकायची. ऑक्टोबरच्या आत संपवा."

मी शेडमध्ये जाऊन पहिल्या जॅकसमोर उभा राहिलो आणि लिहिलं, 'ठेवायचा'. दुसऱ्यासमोरही तेच. एकूण एकशे चौऱ्याऐंशी जॅक आहेत. तिसऱ्यापाशी ते पान फाडलं आणि वहीची दैनंदिनी केली.

ठरलंय असं की एक ऑक्टोबरला मी ओहायो सोडायचं आणि शेरिलकडे जायचं. तिने घरामागे माझ्यासाठी खोली बांधलीय. माझी बायको नॉर्मा जाऊन पाच वर्षं झाली, गेल्या हिवाळ्यात बर्फ उपसताना मी घसरून पडलो, मुलीचं काही चुकत नाही. मी हो म्हणून बसलोय. फोनवर तिला म्हटलं, तिकडची हवा कोरडी, जॅक गंजणार नाहीत. ती म्हणाली, "बाबा, जॅक येणार नाहीयेत."

शनिवार, १२ एप्रिल

जत्रेच्या मैदानावर हंगामातला पहिला जुना बाजार. लायल ओटमन आणि मी नेहमीच्या जागी टेबल मांडलं आणि पाटी लावली: 'जॅक दाखवा. खरं सांगतो.'

लोकांना वाटतं जॅक म्हणजे जॅक. आमच्या तरुणपणच्या त्या दांडग्या, भल्या इंजिनांच्या मसल गाड्या नव्या होत्या तेव्हा प्रत्येकीच्या डिकीत कारखान्यातूनच एक जॅक, एक पाना आणि स्टेपनी आवळायचा बोल्ट यायचा. कोणी जपला नाही. कोणी मेव्हण्याला दिला, कोणी कोठाराच्या दाराला टेकू लावला. आता त्याच गाड्यांवर लोक जीव टाकतात आणि प्रदर्शनात परीक्षक डिकी उघडून विचारतात, जॅक कुठला? तिथे भल्याभल्यांची भंबेरी उडते, कारण जॅकवर ठसा असतो. एक अक्षर महिन्याचं, एक आकडा सालाचा. जॅक गाडीच्या आधी बनलेला हवा, पण फार आधीही नको. आज एकाला सांगितलं की बाबा रे, तुझी गाडी जन्मली तेव्हा हा जॅक दुसऱ्याच कुणाच्या डिकीत बसून सात महिने झाले होते. तो जॅक काखोटीला मारून निघून गेला.

लायल आणि मी, दोघं ते जॅक बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होतो. तो सहा नंबर, मी चार. माल तपासून झाला की पिवळ्या मेणखडूने गोल काढायचा आणि आत आपला नंबर घालायचा. माझी ती सवय अजून सुटलेली नाही. खडू खिशात असतोच, हात आपोआप चालतो, मला कळतही नाही. नॉर्माला कलिंगडावर, लोणच्याच्या बरणीवर, एकदा तर पाहुण्यांच्या सुटकेसवर चाराचा गोल सापडला होता.

आणि मी खोटं बोलत नाही. बोलताच येत नाही. लायलच्या साठीला त्याच्या बायकोने हौसेने जॅक आणला होता. तो चुकीच्या गाडीचा आहे हे मी केक कापायच्या आधीच सांगून टाकलं. ती बाई आजतागायत माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाही.

दुपारी एक बाई आली. उंच, डोक्यावर जांभळी टोपी.

"तुम्हीच का ते खरं सांगणारे?"

"हो."

"मग सांगा, ही टोपी मला शोभते का?"

"नाही," मी म्हटलं.

ती खदखदून हसली आणि टोपी काढून टेबलावर ठेवली. नाव आर्डिथ नोविकी. तीस वर्षं शाळेची बस चालवली, आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचेल असा. तिचा भाऊ यूजीन नाताळात गेला आणि त्याची १९७० सालची शेव्हेल गाडी तिच्याकडे आली. सप्टेंबरच्या प्रदर्शनात गाडी उभी करायची, ही त्याची इच्छा होती. सगळं जागच्या जागी आहे, फक्त जॅक नाही.

"शोधून देतो," मी म्हटलं.

"ऐकलंय तुम्ही ऑक्टोबरात चाललात. नाही सापडला तर?"

"सापडेपर्यंत ओहायो सोडणार नाही. शब्द दिला."

लायलला ठसका लागून कॉफी त्याच्या शर्टावर सांडली. ती गेल्यावर म्हणाला, "लेका, कारखान्याच्या सहलीला पावसात एकटाच गेला होतास तू, येतो म्हणून शब्द दिला होता म्हणून. विचार करून बोलत जा की!"

त्यात विचार काय करायचा? फार तर महिन्याचं काम आहे. बाई टोपी विसरून गेली.

रविवार, २७ एप्रिल

टोपी परत द्यायला आणि गाडी बघायला आर्डिथकडे गेलो. तीन मैलांवर घर, मागे यूजीनचं गॅरेज. गाडी गर्द निळी. बघून मी तिला दोनदा प्रदक्षिणा घातली. बॉनेटखालच्या पट्टीवर वाचलं, मार्चचा तिसरा आठवडा. म्हणजे जॅक जानेवारी किंवा फेब्रुवारीचा हवा. डिकीत स्टेपनी आहे, बोल्ट आहे, झाकणाच्या आतल्या बाजूला जॅक कसा लावायचा त्याचा कागदसुद्धा शाबूत.

"यूजीन काही टाकत नव्हता," ती म्हणाली. "ही फळ्यांवरची खोकी बघताय ना? अजून अर्धीसुद्धा उघडली नाहीत मी. उघडायला घेतली की त्याच्या हाताचं काहीतरी लिहिलेलं सापडतं आणि मग दिवस जातो."

मी म्हटलं, सावकाश उघडा. जेवायला बटाट्याचं सारण भरलेल्या उकडून तळलेल्या करंज्या होत्या, वर परतलेला कांदा. सात खाल्ल्या. अकरा होत्या, तिच्या लक्षात आलं असावं.

शनिवार, १७ मे

सकाळी आर्डिथचा फोन. मोठ्याने ओरडतच बोलली.

"व्हर्लिन! अरे, ऐक, मला वरच्या फळीवर—"

मधेच थांबली. मग एकदम हळू आवाजात विचारलं, "व्हर्लिन, समज, उद्या जॅक सापडलाच. मग तू काय करशील?"

"त्याच दिवशी शेरिलला फोन करीन. घराला गिऱ्हाईक आहे, ते थांबायला तयार नाही. ऑक्टोबरची तरी वाट कशाला बघायची?"

ती इतका वेळ गप्प राहिली की लाइन तुटली असं वाटलं.

"हॅलो? फळीवर काय?"

"फळीवर होय? उंदीर. मेलेला. बरं, रबार्बच्या आंबट देठांचा गोड 'पाय' भाजलाय, येतोस का?"

उंदराला एवढी घाबरली बिचारी. गेलो. तो 'पाय', वर खुसखुशीत पापुद्रा, उत्तम होता, पण ती आज गप्पगप्पच होती आणि हात तीनतीनदा धूत होती.

शनिवार, ७ जून

आर्डिथने स्वतःच एक जॅक शोधून आणला. मला आनंद झाला आणि मग कापड उघडलं. पिकअप ट्रकचा! दुसऱ्या कंपनीच्या! मी समजावून सांगितलं की बंपरखाली अडकणारा आकडा बघ, हा सपाट आहे, तुझ्या गाडीला वळलेला लागतो. ती मान डोलवत राहिली. "अजून एकदा सांग," म्हणाली. अजून एकदा सांगितलं. वेळ कसा गेला कळलं नाही.

शनिवार, २१ जून

आज आर्डिथने कात्रीचा जॅक आणला. शेव्हेलला कात्रीचा जॅक! छोट्या परदेशी गाडीचा. माझा संताप झाला असता, पण तिने सोबत बटाट्याचं सॅलडही आणलं होतं.

लायल म्हणाला, "व्हर्लिन, या बाईने भर रस्त्यात बसचा क्लच बदलला होता. पेपरात फोटो आला होता."

"मग?"

"मग काही नाही. सॅलड सरकव इकडे."

सोमवार, ७ जुलै

मनाला लागलंय म्हणून लिहितो. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीनंतर आर्डिथने नवा जॅक आणला, काळा चकचकीत. मी हातात घेतला आणि अंगठ्याला कडेवरची खाच लागली. तोच! जूनमधला ट्रकचा, नुसता रंग दिलेला. चार लोक उभे होते, त्यांच्यासमोर मी म्हटलं, "आर्डिथ, माझी परीक्षा बघतेस का? एकतीस वर्षं हेच केलंय मी!"

तिचा चेहरा लालबुंद झाला. म्हणाली, "चुकून आणला रे." चुकून रंग कसा दिला जातो?

तीन दिवस फोन नाही. घरात नुसता घड्याळाचा आवाज. आज मीच गेलो आणि माफी मागितली. म्हटलं, ओरडायला नको होतं, माणूस शिकत असतो. ती माझ्याकडे बघत राहिली, मग हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बायकांचं काही समजत नाही. पण हसली ते बरं झालं. येताना चेरी आणल्या.

शनिवार, १९ जुलै

शोध लागला! जॅकचा नव्हे, चोरीचा.

यूजीनच्या गॅरेजच्या फळ्या पुसायला आर्डिथला मदत करत होतो. सगळ्यात वरच्या फळीवर बोटभर धूळ, आणि त्या धुळीत एक स्वच्छ चौकोन आणि शेजारी लांबट पट्टा. जॅकची बैठक आणि जॅकचा खांब! मी टेप लावून मोजलं. तंतोतंत. म्हणजे जॅक इथेच होता आणि त्या जागी अजून धूळ बसलेली नाही, म्हणजे उचलून फार दिवस झाले नाहीत.

"आर्डिथ, तुझ्याकडे चोर शिरला होता."

तिने हातातला डबा खाली ठेवला. "कुणी शिरलं नव्हतं."

"मग जॅक कुठे गेला? मी शेरीफला बोलावतो."

"नको! त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

"जीपमधून यायला गुडघा कशाला लागतो?"

"व्हर्लिन, शेरीफ नको म्हणून सांगितलं ना. मला या घरात एकटीला राहायचंय, चोराचं नाव काढलंस तर झोप लागेल का मला?"

हे खरं होतं, माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग मी हार्डवेअरच्या दुकानात नुसती चिठ्ठी लावली: '१९७० चा जॅक कुणी विकायला आणला तर व्हर्लिन स्टॉफरला कळवा. प्रश्न विचारले जाणार नाहीत.' लायलने ती मोठ्याने दोनदा वाचली आणि बाहेर जाऊन ट्रकला टेकून हसत उभा राहिला. चोरीत हसण्यासारखं काय आहे ते त्यालाच माहीत.

रविवार, ३ ऑगस्ट

वहीत तरी खरं लिहावं. इंडियानात काल बाजार होता. तिथल्या एका माणसाकडे फेब्रुवारी सत्तरचा जॅक आहे असं कळलं होतं. पहाटे निघायचं ठरवलं होतं. मग आर्डिथचा फोन आला की तलावातले ताजे पर्च मासे मिळालेत, तळणार आहे. मी इंडियानाला गेलो नाही. शब्द दिलेला माणूस लिंबू पिळून मासे खात बसला.

पायऱ्यांवर बसून आम्ही मका सोलला. तिने विचारलं, "ॲरिझोनात कणीस मिळतं का रे?" मी म्हटलं, मिळत असेल. "असं?" आणि तिने हातातलं कणीस माझ्या नाकाखाली धरलं. सकाळी तोडलेलं, अजून ओलसर. मी म्हटलं, असं नाही मिळणार.

घरी आल्यावर इंडियानातल्या माणसाला फोन करायला हवा होता. केला नाही. उद्या करीन.

बुधवार, १३ ऑगस्ट

केला नाही.

शनिवार, ३० ऑगस्ट

हे सगळं नीट लिहिलं पाहिजे, एकही गोष्ट न गाळता.

काल संध्याकाळच्या वादळात आर्डिथकडची वीज गेली. माझ्याकडे होती. सकाळी नऊला तिकडे पोचलो तर ती गाडीत बसून बर्फ आणायला गावात निघालेली. "मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस," खिडकीतून ओरडली. "विशेषतः मोठ्या फ्रीझरला. मला माहितीय कुठे काय आहे."

आता वितळू लागलेलं मांस बघत हातावर हात ठेवून बसणारा मी नव्हे. थंड पेट्या आणून फ्रीझर रिकामा करायला घेतला. वरचे मासे काढले, मटार काढले, बेरी काढल्या. अगदी तळाशी पांढऱ्या कागदात गुंडाळलेली तीन पुडकी, प्रत्येकावर आर्डिथच्या ठळक अक्षरात 'कलेजी'. मला कलेजीची शिसारी आहे. हे मी तिला मेमध्येच सांगितलं होतं, दोनदा. ती कुणासाठी एवढी कलेजी साठवते, असा प्रश्न पडला. शिवाय त्यातलं एक पुडकं माझ्या हाताएवढं लांब. एवढी लांब कलेजी कुठल्या गुराला असते?

उचललं ते हातातून निसटलं आणि सिमेंटवर पडून खणकलं.

कलेजी खणकत नाही.

मी दोरी सोडली. खांब. दुसऱ्या पुडक्यात वर सरकणारा भाग आणि वळलेला आकडा. तिसऱ्यात बैठक. चष्मा पुसला आणि वाचलं. फेब्रुवारी. सत्तर. तिन्ही भागांवर. रंग मूळचा, गंजाचा कण नाही. इतका सुंदर, इतका बरोबर जॅक मी कारखाना सोडल्यापासून बघितला नव्हता. बैठक उलटी केली तर खालच्या बाजूला पुसट पिवळा गोल, आत सहा. लायलने तपासलेला! आणि वेल्डिंगचा जोड वाकडा! चांगला करंगळीभर वाकडा, आणि या गृहस्थाने तो खुशाल पास केलेला! चव्वेचाळीस वर्षांनी पकडला लायलला. मी तिथेच एकटा मोठ्याने हसलो.

आणि मग हसता हसता थांबलो. फळीवरचा स्वच्छ चौकोन आठवला. मेलेला उंदीर आठवला. कात्रीचा जॅक, रंग दिलेला ट्रकचा जॅक, शेरीफचा गुडघा. "मग तू काय करशील?" असं तिने विचारलं होतं, आणि मी काय म्हटलं होतं? त्याच दिवशी फोन करीन.

उपड्या बादलीवर बसलो. सत्तर वर्षांचा माणूस मी, ठसा नुसत्या अंगठ्याने ओळखतो. आणि ही बाई मे महिन्यापासून माझ्यासमोर ताटंच्या ताटं मांडतेय आणि मी तिला बंपरचा आकडा समजावून सांगतोय. गाढव! लायलला माहीत होतं, हार्डवेअरवाल्यालासुद्धा माहीत असेल. लाज वाटली. पण लाजेच्या खाली जे काही वाटत होतं ते इतकं छान होतं की मी तसाच बसून राहिलो, पायाशी मटार वितळत असताना. नॉर्मा असती तर म्हणाली असती, आता तरी उठ.

उठलो. प्रत्येक भाग पुन्हा कागदात गुंडाळला, दोरी बांधली, पुडकी एकेक बघून तळाशी ठेवली. वर बेरी, मटार, मासे. झाकण लावतो न लावतो तोच तिची गाडी आली.

"फ्रीझर उघडला नाहीस ना?"

"नाही," मी म्हटलं.

आयुष्यातलं पहिलं खोटं. मला वाटलं होतं की जीभ अडेल. अजिबात अडली नाही. अर्ध्या तासात वीज आली आणि आम्ही बर्फाचं लिंबू सरबत केलं.

मंगळवार, २ सप्टेंबर

खिशातला मेणखडू सापडत नाही. सगळीकडे शोधला.

लायल भेटला. त्याच्या वाकड्या जोडाचा विषय ओठांवर आला होता. एवढा मोठा विनोद हातात असून तो गिळायचा म्हणजे काय छळ असतो ते मलाच ठाऊक. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा खोकलो. "प्रकृतीला जप," तो म्हणाला.

शनिवार, २० सप्टेंबर

प्रदर्शन. यूजीनची शेव्हेल दुसऱ्या रांगेत, उन्हात नुसती निळी आग. लोक थांबून थांबून बघत होते. आर्डिथने ती जांभळी टोपी घातली होती.

परीक्षक आला, इंजिन बघितलं, सीट बघितल्या, डिकी उघडली. "जॅक?"

आर्डिथ माझ्याकडे बघायला लागली. चेहरा पांढराफटक. कारखान्यात चुकीचा माल निघाला की पोरं अशी बघायची.

"शोधतोय," मी परीक्षकाला म्हटलं.

"तुमच्यासारख्या माणसाला सापडेना?"

"फार अवघड महिना आहे हो तो."

त्याने गुण कापले. गाडी दुसरी आली, लाल फीत मिळाली. आर्डिथने ती फीत यूजीनच्या स्टिअरिंगला बांधली आणि मग तिला रडू आलं. मी रुमाल दिला.

"व्हर्लिन, पहिली आली असती रे ती. यूजीन रागावेल माझ्यावर. मला तुला काहीतरी सांगायचंय—"

"यूजीनला गाडी इथे उभी करायची होती. उभी केलीस," मी घाईघाईने म्हटलं. मला ते ऐकायचं नव्हतं. ऐकलं की जॅक सापडला असं होणार, आणि सापडला की माझा शब्द संपला. "जॅकचं पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली. प्रश्न होता की काय, कळलं नाही.

"पुढच्या सप्टेंबरात. नाही मिळाला तर त्याच्या पुढच्या."

तिने नाक पुसलं, टोपी सरळ केली आणि विचारलं, "ही टोपी आता कशी दिसते?"

"भयंकर," मी म्हटलं. तेवढं तरी खरं बोलायला मिळालं.

रविवार, २८ सप्टेंबर

अंगणातला 'घर विकणे आहे'चा फलक उपटला; मेमधलं गिऱ्हाईक कधीच निघून गेलं होतं. खड्ड्यात माती भरून पायाने दाबली. जॅकसाठी शब्द दिल्याचं शेरिलला माहीत आहे, पण मी जाणारच नाही हे अजून सांगितलेलं नाही.  मुलगी एवढी खोली बांधून बसलीय, तिला काय सांगू?

शनिवार, ४ ऑक्टोबर

एक तारीख गेली. मी ओहायोतच आहे.

आज आर्डिथकडे जेवण. लायलही होता. बाहेर सफरचंदं गळतायत, हवेत पहिला गारवा. जेवण झाल्यावर आर्डिथने ओव्हनमधून 'पाय'ची थाळी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. वरच्या पापुद्र्यावर सुरीने काढलेला गोल. गोलाच्या आत चार.

"चार? हा तर व्हर्लिनचा नंबर," लायल म्हणाला. "'पाय'वर कशाला?"

आर्डिथ सुरी पुसत होती. "परवा फ्रीझर साफ केला," ती म्हणाली. "कलेजी काढून टाकावी म्हटलं. बघते तर कुणीतरी तपासून ठेवलेली. तिन्ही पुडक्यांवर पिवळा शिक्का."

मी काट्याने पायचा तुकडा उचलला होता, तो तसाच हवेत राहिला. माझा हात! एकतीस वर्षांची सवय! पुडकी बांधली, बघितली, आणि या हाताने मला न विचारता गोल काढून पास केली. कान तापले. वर बघायची हिंमत होईना.

मग टेबलाच्या खाली तिचा बूट माझ्या बुटावर येऊन टेकला आणि तिथेच राहिला.

"तुझी कलेजी-बिलेजी खराब झाली असेल तर टाकून दे," लायल म्हणाला.

"नाही रे," मी म्हटलं. "चांगली टिकेल ती. वर्षानुवर्षं."

आणि तेवढ्यात माझ्या खिशातला फोन. शेरिल. मी उभा राहिलो, कारण बसून बोलता आलं नसतं.

"बाबा, तीन दिवस वाट बघतेय मी. जॅक सापडला का?"

"नाही बाळ, नाही सापडला."

"तुम्ही खोटं बोलताय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.  मग शेरिल म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मात कधी खोटं बोलला नाहीत. एप्रिलपासून प्रत्येक फोनवर आर्डिथच्या करंज्या, आर्डिथचे मासे, आर्डिथचा रबार्ब-पाय. मी काय आंधळी आहे? खोलीत माझं शिवणाचं मशीन ठेवते. नाताळला दोघं या. आणि बाबा, बर्फ उपसायला माणूस लावा, शपथ घ्या."

शपथ घेतली. खाली बसलो तेव्हा डोळे पुसायला रुमाल सापडेना. तो प्रदर्शनाच्या दिवशी आर्डिथला दिला होता, आणि तिने तो धुऊन, इस्त्री करून माझ्या ताटाशेजारीच ठेवला होता. लायल एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत दोघांच्या वाटणीचा पाय खात राहिला. त्याला तो वाकडा जोड कधीतरी दाखवायचाच आहे. पण घाई नाही.

जॅक आजही सापडलेला नाही.